साधी सर्दी आणि न्यूमोनिया : एका मिनिटाची पारख



मृगाचा पाऊस सुरू झाला की गोव्यातील शेतकरी शेताकडे वळतो आणि त्याच सुमारास घरोघरी खोकल्याचा आवाजही ऐकू येऊ लागतो. दमट हवा, बंद दारेखिडक्या, न्हाणीत धुमसणारी ओली लाकडे आणि पुढे चतुर्थीला एकाच छपराखाली जमणारे आप्तेष्ट, या साऱ्यांमुळे श्वसनमार्गाच्या रोगांना पसरण्यास निमित्त मिळते. अशा प्रत्येक आजाराला ‘पावसाळी सर्दी’ हे एकच नाव देण्याची रीत आहे. घात होतो तो या एका नावामुळे. आठवड्याभरात आपोआप बरी होणारी सर्दी आणि दोन-तीन दिवसांत बालकाच्या जिवावर बेतणारा न्यूमोनिया, या दोहोंचा आरंभ बहुधा खोकल्यानेच होतो.

साध्या सर्दीत नाक वाहते, शिंका येतात, घसा खवखवतो. ताप नसतो किंवा अल्प असतो. फ्लू मात्र एकाएकी येतो. काही तासांत ताप चढतो, डोके ठणकते, अंग मोडून येते आणि कोरडा खोकला सुरू होतो. 2009 साली जगभर पसरलेला स्वाइन फ्लू याच कुळातील होय. 2020 पासून त्यात कोविडची भर पडली. या दोहोंची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात की तपासणीवाचून निश्चित निदान होत नाही. ताप नसताना वारंवार धाप लागत असेल व छातीत सूं सूं आवाज येत असेल, तर दम्याची शंका घ्यावी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते.

न्यूमोनियामध्ये फुप्फुसांतील वायुकोश पू व द्रव यांनी भरतात. शरीराला प्राणवायू अपुरा पडतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी श्वास जलद होतो. म्हणून खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वासाची गती अधिक खरे सांगते. मूल शांत असताना, रडत वा दूध पीत नसताना, त्याचा सदरा वर करून छाती-पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांहून लहान बालकात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरल्यास मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

हे काम केवळ डॉक्टरांचेच नव्हे, हे महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात सिद्ध झाले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे गावातील आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखण्याचे व औषध देण्याचे शिक्षण दिले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ यांचे एक साधन तयार करण्यात आले. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या गावांतील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. अक्षरओळख नसलेल्या सुईणीला जे साधले, ते घड्याळ असलेल्या कोणत्याही घराला साधण्यासारखे आहे.

श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, मुलाने दूध-पाणी न घेणे, झटके येणे, ग्लानी येणे अथवा ओठ निळसर होणे, ही संकटाची चिन्हे होत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि दमेकरी यांना ताप व धाप एकत्र आल्यास त्यांनीही थांबू नये.

साध्या सर्दीला विश्रांती, कोमट पाणी आणि नेहमीचा आहार पुरेसा असतो. आल्याचा काढा मोठ्यांच्या घशाला आराम देतो. एक वर्षाखालील बालकाला मात्र मध चाटवू नये. विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही, म्हणून मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. मुलांच्या तापावर ॲस्पिरिन देऊ नये.

प्रतिबंधाचा आरंभ लसीपासून होतो. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील पंचगुणी लस आणि सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत व नवव्या महिन्यात दिली जाणारी न्यूमोकोकल लस विनामूल्य मिळते. न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभर उपलब्ध आहे. वृद्धांनी व जुनाट रोग्यांनी पावसाळ्यापूर्वी फ्लूच्या लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खोकताना तोंडावर रुमाल वा कोपर धरावे, हात साबणाने धुवावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तान्ह्या मुलाला चुलीच्या व विडीच्या धुरापासून दूर ठेवावे.

शिक्षकांनी शंभर टक्के हजेरीच्या कौतुकापायी तापलेल्या मुलाला वर्गात बसवू नये. कार्यालयप्रमुखांनीही तापाने आजारी कर्मचाऱ्यास घरी विश्रांती घेऊ द्यावी. अंगणवाडीच्या मातासभेत एकदा प्रत्येक आईकडून आपल्या मुलाचा श्वास मोजून घ्यावा. निरोगी मुलाचा श्वास ज्या आईने एकदा मोजला आहे, तिला आजारी मुलाच्या श्वासातील फरक ओळखण्यास वेळ लागणार नाही.