ओळखीचें हंसूं

दुसऱ्याच्या घरांतील फजिती पाहून आपण केव्हां मनापासून हंसलों, हें श्रोत्यांनीं क्षणभर आठवून पाहावें. बहुधा त्या घरांत आपलेंच घर दिसलेलें असतें. चिं. वि. जोशी यांनीं हें मर्म पुरतें ओळखलें होतें. त्यांचा चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडानें सांगतो, आणि वाचणाऱ्यास वाटतें, हा तर आमच्याच बिऱ्हाडांतला! छापील पानावरील तीच युक्ति आज खिशांतील फोनच्या पडद्यावर येऊन बसली आहे.

सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार व पॉला मॅकग्लिन यांनीं २०१६ सालीं ‘भारतीय डिजिटल पार्टी’, म्हणजेच ‘भाडिपा’, ही मराठी वाहिनी यूट्यूबवर सुरू केली. तींत रेणुका दफ्तरदार व आलोक राजवाडे यांनीं रंगविलेली आई-मुलाची जोडी फार लोकप्रिय झाली. तेथें कथानक असें थोडेंच. आई बोलते, मुलगा उत्तर देतो, आणि दोघांचेंही थोडें थोडें खरें असतें.

अशा चित्रफितींचा प्रेक्षकवर्ग वाढतो तो कसा? सर्वांस रुचेल असें कांहीं मोघम दाखविल्यानें तो वाढतो, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षांत उलट घडतें. ‘आई रागावते’ एवढ्यावर कोणी हंसत नाहीं. परंतु मुलानें उठावें म्हणून आई मुकाट्यानें पंखा बंद करून केर काढूं लागते, किंवा आईस्क्रीमचा डबा मोठ्या आशेनें उघडावा तों आंत सोललेले मटार निघतात, असें कांहीं दिसलें कीं ठाण्याची बहीण ती चित्रफीत अमेरिकेंतील भावास पाठविते आणि खालीं लिहिते, ‘ही बघ आपली आई!’ भाऊ ती बायकोस दाखवितो. तिला तींत सासू दिसते. तपशील जितका नेमका, तितकी ओळख दूरवर पटते. जाहिरातीचें काम येथें नातींच करतात.

परंतु या यशांतच एक धोका आहे. एकदां पिकलेला हंशा पुन्हां मिळावा म्हणून तीच आई, तीच सून, तोच शेजारी वारंवार उभीं केलीं जातात. माणूस जातो आणि सांचा उरतो. सांचाही शिळा झाला, कीं गांवाकडची बोली बोलणारा पाहुणा किंवा घरीं भांडीं घांसणारी बाई हंसण्यासाठीं पुढें ओढली जाते. चिमणरावाचा नेम स्वतःवर होता. हा नेम दुर्बळावर धरलेला असतो.

आणि फोन आतां त्या बाईच्याही हातीं आहे. दुपारीं कामें आटोपून घरीं परततांना तीही तीच चित्रफीत पाहते. तींतील आळशी मुलगा पाहून तिला आपला मुलगा आठवला आणि हंसूं फुटलें, तर प्रेक्षकवर्ग खरोखर वाढला म्हणावयाचा. तिला तींत केवळ आपल्या बोलण्याची नक्कल दिसली, तर पाहणाऱ्यांचा आंकडा कितीही फुगो, एक घर बाहेरच राहिलें.