लीड बाबाच करणार



फौजेतून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या माणसानं इथे येऊन नाचाबद्दल बोलावं, हे तुम्हाला जरा गमतीचं वाटेल. पण आज विषय तोच आहे. लग्नात बाप-लेकीनं मिळून नाचायचं, आणि बाप व्हीलचेअरवर असेल तर तो नाच कसा बसवायचा.

ही पद्धत आपली नाही. अमेरिकेत लग्नाच्या मेजवानीत नवरी वडिलांबरोबर एका गाण्यावर नाचते. आपल्याकडे ती संगीताच्या रात्रीतून आली. आम्हा फौजी लोकांना ऑफिसर्स मेसमधले नाच माहीत होते, त्यामुळे आमच्या घरात त्याचं नवल वाटलं नाही.

१९९८ साली डोंगरातल्या रस्त्यावर आमची गाडी दरीत गेली. पाठीच्या कण्याला इजा झाली, कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेली. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. मी चालताना कसा दिसायचो, हे तिला आठवतच नाही. तिचा बाप पहिल्यापासून चाकांवरचाच.

इंदूरला तिचं लग्न ठरलं. संगीताची आखणी सुरू झाली तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "दादाला कशाला त्रास? स्टेजवर बसून आशीर्वाद देईल." भाचा म्हणाला, "मी मामाची खुर्ची मागून फिरवतो, ताई पुढे नाचेल." सगळे मायेनंच बोलत होते. लेकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मला तुझ्याबरोबर नाचायचंय. लीड तू करायचं."

मित्रहो, मुद्दा इथेच आहे. मागून कुणी खुर्ची ढकलली की कुठे जायचं, कधी थांबायचं, हे तो ठरवतो. मग नाचतो भाचा, मी नुसता फिरतो. खुर्ची म्हणजे माझे पाय आहेत. त्यांना न विचारता कुणी हात लावायचा नाही. नाच बसवताना हा पहिला नियम.

दुसरी गोष्ट, हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. व्हीलचेअरवरच्या नाचाची सुरुवात स्वीडनमध्ये १९६८ साली झाली, करमणूक आणि पुनर्वसन म्हणून. आज 'पॅरा डान्स स्पोर्ट' या नावानं त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. एक जोडीदार खुर्चीवर आणि दुसरा उभा, या प्रकाराला तिथे 'कॉम्बी' म्हणतात. बाप-लेकीचा नाच म्हणजे घरगुती कॉम्बीच.

आता प्रत्यक्ष काम. फौजेत म्हणतात, रेकीवर घालवलेला वेळ वाया जात नाही. म्हणून आधी टेप घेऊन हॉलवर जा. खुर्चीला जागच्या जागी वळायला साधारण दीड मीटर व्यासाची जागा लागते. दोघांना मोकळं फिरायचं तर चार मीटर लांब-रुंद चौक धरा. स्टेजचा हट्ट सोडा. उताराचं प्रमाण एकास बारा असावं लागतं, म्हणजे दोन फूट उंच स्टेजला चोवीस फुटांचा रॅम्प. तेवढी जागा हॉलवाला देत नाही. आम्ही खाली, पाहुण्यांच्या मधोमध नाचलो. जाड गालिचा असेल तर काढायला सांगा, पुढची लहान चाकं त्यात रुततात. लाइटवाल्याच्या वायरी जमिनीवरून जाऊ देऊ नका.

मग गाणं. तीन मात्रांची चाल निवडा. वॉल्ट्झची ती, आणि आपल्या दादऱ्याचीही, कारण दादरा म्हणजे तीन आणि तीन. पहिल्या मात्रेला चाकाची कडी ढकलायची, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेत खुर्ची आपोआप घरंगळते. चालणाऱ्याला ही सरक पावलांनी साधावी लागते, आम्हाला चाकं ती फुकट देतात. मराठी भावगीतांत दादरा भरपूर आहे, त्यामुळे गाण्याची टंचाई नाही.

एका हातात लेकीचा हात असला की चाकाला एकच हात उरतो. उजवं चाक पुढे ढकललं की खुर्ची डावीकडे वळते. तिच्याशी झगडू नका, तीच गिरकी समजा. दोन्ही हात धरले तर लेकीनं मागे पाऊल टाकायचं आणि हात किंचित ताणलेले ठेवायचे, खुर्ची तिच्यामागे येते. तुम्ही हातानं हलका रेटा दिला की तिला दिशा कळते. लीड करणं म्हणजे हेच. चाकं हाताळायला मी खडकीला शिकलो, जखमी जवानांबरोबर व्हीलचेअर बास्केटबॉल खेळताना. तेच कौशल्य इथे उपयोगी पडलं.

जपायच्या गोष्टी तीन. शालूचा पदर आणि ओढणी चाकाच्या तारांत अडकते. पदर खोचून घ्या, तारांवर चकतीचं झाकण बसवा. मांडीवर बसायचा मोह टाळा. सिनेमात छान दिसतं, पण आम्हाला जरीची कड किंवा पिन टोचलेली कळत नाही आणि त्याची जखम महिनोन् महिने भरत नाही. आणि कमरेला पट्टा बांधा. गाणं दोन मिनिटांचं पुरे, खांदे थकतात. आम्ही महिनाभर रोज पंधरा मिनिटं सराव केला.

हात चालत नसतील, खुर्ची बॅटरीची असेल, तरी वाट आहे. वेग सगळ्यांत कमी ठेवा, लेकीनं त्या वेगाला आपलं पाऊल जुळवावं. तेही जमत नसेल तर लेकीनं स्टुलावर समोर बसावं, डोळे एका पातळीवर येतात, आणि दोघांनी नुसत्या माना-खांद्यांनी ताल धरावा. ज्या अवयवाला ताल धरता येतो, त्यानं नाचायचं.

निवेदकालाही आधी गाठा. आमचा निवेदक 'जिद्दीची कहाणी' वगैरे लिहून आला होता. मी त्याला एकच वाक्य दिलं: "आता नवरी आणि तिचे बाबा नाचतील." पाहुण्यांना रडायला बोलावलं की ते रडतात. नाच बघायला बोलावलं, तर नाच बघतात. आमच्याकडे दुसऱ्या कडव्याला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. एका गिरकीत लेकीचा तोल गेला, माझ्या खांद्याला धरून ती सावरली आणि दोघंही मोठ्यानं हसलो. फोटोग्राफरला मी गुडघ्यावर बसायला लावलं होतं. त्यामुळे त्या क्षणाच्या फोटोत मी कुणाच्या कमरेशी दिसत नाही, आम्ही दोघं दिसतो.

तुमच्या घरी लग्न ठरलं असेल आणि आई किंवा बाबा खुर्चीवर असतील, तर "त्रास होईल" हे त्यांच्या वतीनं तुम्ही ठरवू नका. हॉल बुक करायच्या आधी त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, "नाचणार का?" नाही म्हणाले तर प्रश्न मिटला. हो म्हणाले, तर टेप घ्या आणि रेकीला त्यांनाही बरोबर न्या.

जय हिंद.