व्याख्यानानंतरचा अर्धा तास

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके. मलकापूर, नांदुरा, शेगाव रेल्वेच्या वाटेवर. सिंदखेडराजा, लोणार मराठवाड्याच्या सीमेला. जळगाव जामोद, संग्रामपूर सातपुड्याच्या पायथ्याशी. एके काळी उच्च शिक्षणासाठी येथल्या मुलांना अमरावती किंवा नागपूर गाठावे लागे. आज तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे, त्याला सभागृह आहे आणि त्या सभागृहात बाहेरगावचे वक्ते येतात. मात्र ही व्याख्याने कोणासाठी होतात, या प्रश्नाकडे कार्यकर्त्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

व्याख्यानाचा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, वक्त्याचा लांबलचक परिचय, संस्थेच्या अध्यक्षांचे मनोगत. मग वक्ता बोलतो. तो थांबला की सूत्रसंचालक घड्याळाकडे पाहतो आणि ‘वेळेअभावी’ प्रश्नोत्तरे रद्द होतात. आभार आणि राष्ट्रगीत उरकून मुलेमुली एस. टी. गाठायला धावतात. मूल्यांकनाच्या फायलीत छायाचित्रासह अहवाल लागतो. तो छायाचित्रात हार येतो, वक्ता येतो, मागे लावलेला फलक येतो. श्रोत्याच्या मनात उठलेला प्रश्न तेवढा कोठेच येत नाही.

हा सारा प्रकार ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली चालतो, त्याचे नाव काय आहे? १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. बाबा शाळेत गेले नव्हते. त्यांचे कीर्तन मात्र म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असे. कर्ज काढून सण कशाला करता, देवापुढे बकरे का कापता, पोराला शाळेत का घालत नाही, असे ते समोरच्या माणसांना त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत विचारीत आणि उत्तर वदवून घेतल्याखेरीज पुढे जात नसत. अंगावर धड वस्त्र नसलेला शेतमजूरही त्या कीर्तनात उत्तर देणारा माणूस होई. त्या पुरुषाचे नाव लावणाऱ्या विद्यापीठात श्रोत्याने तोंड न उघडता उठून जावे, ही विसंगती लहान नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. वऱ्हाडातील शिक्षणसंस्था सरकारी अनुदानावरच उभ्या राहिल्या, असे नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती कुणब्या-माळ्यांच्या पोरांना डोळ्यांपुढे ठेवून. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये गजानन महाराज संस्थानाने सुरू केले; संस्थानाच्या दानपेटीत खेड्यापाड्यांतील भाविकांचा पैसा पडतो. ज्यांच्या घामाच्या पैशावर या भिंती चढल्या, त्यांना फाटकावर ‘बाहेरील व्यक्तींस प्रवेश नाही’ अशी पाटी वाचावी लागत असेल, तर बाहेरचे कोण आणि आतले कोण, हे एकदा ठरवावे लागेल. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत बुलढाणा होता. शेतीच्या अर्थकारणावर महाविद्यालयात कोणी विद्वान बोलणार असेल, तर ते ऐकण्याचा आणि त्याची उलटतपासणी करण्याचा पहिला हक्क कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्यांचा आहे.

या अर्ध्या तासाचे मोल आज अधिकच आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली. ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. उमेदवार म्हणून वर्गापुढे उभे राहावे, विरोधकाला उत्तर द्यावे, हरावे आणि पुन्हा उभे राहावे, हे शिक्षण एका पिढीला मिळालेच नाही. अशा स्थितीत पाहुण्याला भर सभेत प्रश्न विचारणे हा लोकशाहीचा पहिला धडा ठरतो. खेड्यातून आलेली मुलगी दोनशे माणसांत उभी राहून ‘हे पटले नाही’ असे म्हणते, तेव्हा तिच्या आयुष्यात काही तरी बदलते.

व्याख्यानात किती सामर्थ्य असते, हे व्याख्यानाला भिणाऱ्यांना नेमके ठाऊक असते. गोविंद पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ हे पुस्तक मुळात एक भाषण. १९८८ मध्ये ते छापले गेले आणि हातोहात महाराष्ट्रभर गेले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात त्याच पानसऱ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या व २० फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या या जिल्ह्यात त्या पुस्तकावर मोकळी चर्चा घडविणे, हे त्यांच्या स्मृतीचे खरे जतन होय.

विदर्भातीलच आणखी एक घटना. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावण्यात आले होते. संमेलन उधळण्याचे इशारे आले आणि निमंत्रण मागे घेण्यात आले. अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी त्याविरुद्ध व्यासपीठावरूनच नापसंती नोंदविली. न झालेले भाषण मराठीत छापले जाऊन घरोघर वाचले गेले. उद्घाटन झाले ते वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. एरवी अशा मांडवात श्रोत्यांच्या मागच्या रांगेतही जिला जागा मिळाली नसती, ती बाई बोलली आणि महाराष्ट्राने ऐकले. निमंत्रण मागे घेण्याचा अन्याय त्यामुळे धुऊन निघत नाही. पण व्यासपीठ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळून गेले.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? व्याख्यानाची वार्ता महाविद्यालयाच्या फलकापुरती राहू न देता ती बाजार समितीत, बसस्थानकावर, ग्रामपंचायतीत पोचवावी. प्राचार्यांना भेटून सभागृह नागरिकांना खुले ठेवण्याची व प्रश्नांसाठी अर्धा तास राखण्याची मागणी करावी. सत्कार कमी झाले, तर हा वेळ सहज निघतो. प्रश्न वऱ्हाडीत विचारला म्हणून हसू येणार नाही, याची काळजी घ्यावी. शेवटच्या गाडीआधी मुली घरी पोचतील अशी वेळ ठरवावी.

आणि एक पथ्य स्वतःसाठी. वक्ता विरोधी विचाराचा असला, तरी त्याचे शेवटपर्यंत ऐकावे. घोषणा देऊन सभा बंद पाडणे सोपे असते. त्याच्या विधानातील आकडा तपासून, उभे राहून, नीट प्रश्न विचारणे अवघड असते. यवतमाळच्या इशाऱ्यांचा निषेध करणाऱ्यांना दुसऱ्याची सभा उधळण्याचा अधिकार उरत नाही. खेड्यातल्या माणसाला सभागृहात न्यायचे ते टाळ्यांसाठी नव्हे, घोषणांसाठीही नव्हे. त्याच्याजवळ विचारण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते विचारायला त्याला आजवर कोणी बोलावलेले नाही.