कथा दुसऱ्यांदा लिहिताना

(गणेशोत्सवातील कथालेखन स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)





मी साहित्याचा विद्यार्थी नाही. दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून रेल्वेच्या रुळांवर आहे. कथेवर बोलायचे निमंत्रण आले तेव्हा घरातूनच पहिला प्रश्न आला, "तुम्ही काय सांगणार?" मी म्हटले, रुळांचे जे करतो तेच सांगतो. रूळ टाकला म्हणजे काम संपले, असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. देखभाल त्यानंतर सुरू होते. कथेचेही तसेच असते, हे मला जरा उशिरा कळले. कसे कळले, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी याच मंडपात मी एक कथा वाचली होती. आमच्या गँगमधल्या एका वयस्कर पेट्रोलमनवर. पावसाळ्यात ही माणसे हातबत्ती आणि फटाके घेऊन रात्रभर रूळ तपासत चालतात. माती वाहून गेली, झाड पडले, पाणी चढले, तर गाडी थांबवायची. माझ्या कथेत त्याला रुळाखालची खडी वाहून गेलेली दिसते, तो धावत सुटतो, एक्सप्रेस थांबवतो आणि शेवटी कर्तव्य या विषयावर दीड पान बोलतो. टाळ्या पडल्या. मी खूश.

कार्यक्रमानंतर त्याचा मुलगा भेटायला आला. वडील त्याच वर्षी वारले होते. मुलाला मराठी बऱ्यापैकी समजते. तो म्हणाला, "साहब, कहानी अच्छी थी. लेकिन वो बाबूजी नहीं थे. बाबूजी इतना बोलते कहाँ थे? वो तो रात भर गिनते रहते थे."

खरे होते. तो माणूस स्लीपर मोजत चालायचा. किलोमीटरला १६६० स्लीपर. शंभर झाले की एका खिशातला खडा दुसऱ्या खिशात. झोप येऊ नये म्हणून, आणि भीती वाटू नये म्हणूनही. मी त्याच्याबरोबर रात्री चाललो होतो. मला हे सारे माहीत होते. तरी कथेत ते आले नाही, कारण लिहिताना मला तो आठवतच नव्हता. सिनेमातला नायक आठवत होता.

मित्रहो, मला सांगायची गोष्ट एवढीच आहे. पहिल्या खर्ड्यात आपण बहुतेक दुसऱ्यांचे वाचलेले, पाहिलेले लिहितो. आपल्याला स्वतःला जे ठाऊक असते, ते दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात हाताला लागते.

मोठ्या लेखकांनाही हे करावे लागले. रशियन लेखक चेखॉव डॉक्टरकीचे शिक्षण घेता घेता १८८० पासून विनोदी साप्ताहिकांसाठी भराभर लिहीत होता. त्यावर घर चालत असे. १८८६ साली ग्रिगोरोविच या ज्येष्ठ लेखकाने त्याला पत्र पाठवले, की तुझ्यात खरी प्रतिभा आहे, घाईचे लेखन सोड. उत्तरात चेखॉवने कबूल केले, की एका कथेवर एका दिवसाहून जास्त काम केल्याचे आपल्याला आठवत नाही. पुढे १८९९ मध्ये समग्र साहित्य छापण्याचा करार झाला, तेव्हा त्याने जुन्या कथा काढून पुन्हा दुरुस्त केल्या, कित्येक तर वगळूनच टाकल्या. १९०४ साली वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला. म्हणजे प्रकृती ढासळत असतानाही तो जुनी पाने तपासत होता. हेमिंग्वेने 'अ फेअरवेल टू आर्म्स' (१९२९) या कादंबरीचे शेवटचे पान ३९ वेळा लिहिल्याचे मुलाखतीत सांगितले होते. २०१२ साली निघालेल्या आवृत्तीत त्याने लिहून पाहिलेले ४७ शेवट दिले आहेत.

पण दुरुस्त काय करायचे, हे दिसायला नजर लागते, आणि ती अभ्यासाने येते. बेंजामिन फ्रँकलिनचे शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षे. भावाच्या छापखान्यात उमेदवारी करताना तो 'स्पेक्टेटर' नियतकालिकातला एक लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचे थोडक्यात टिपण करायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग टिपणांवरून लेख स्वतः लिहून मुळाशी ताडून पाहायचा. त्याचे ते निबंध होते, पण कथेलाही हा उपाय चालतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (१९५५) एका पानावर मी तो करून पाहिला. माझ्या पानात विशेषणे भरलेली, त्यांच्या पानात वस्तू, माणसे आणि क्रियापदे. दहा व्याख्यानांनी जे कळले नसते ते अर्ध्या तासात कळले.

आता दुरुस्तीची पद्धत. रूळ तपासताना आम्ही गेज वेगळे मोजतो, दोन रुळांची पातळी वेगळी, आणि वळण दोरी ताणून वेगळे. सगळे एकदम पाहायला गेले तर काहीच दिसत नाही. कथेतही एका फेरीत एकच गोष्ट पाहावी.

आधी कथा पंधरा दिवस कपाटात ठेवा. मग पहिल्या फेरीत एवढेच पाहा, की या माणसाबद्दल मला माहीत असलेले काय लिहायचे राहिले? दुसऱ्या फेरीत संवाद मोठ्याने वाचा. आपण महाराष्ट्राबाहेरची माणसे. घरात मराठी, बाजारात हिंदी, मुले दोन्हींची खिचडी करतात. तरीही आपल्या कथांतली सगळी पात्रे सदाशिव पेठेतल्यासारखी बोलतात! तिसऱ्या फेरीत पहिला आणि शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. पुष्कळदा त्यांच्यावाचून काही अडत नाही. शुद्धलेखन सर्वांत शेवटी. जे वाक्य उद्या खोडायचे आहे, त्याचे ऱ्हस्व-दीर्घ आज कशाला सुधारायचे?

माझी ती कथा मी चार वेळा लिहिली. भाषण गेले. वाहून गेलेली खडीही गेली. आता त्या रात्री काहीच घडत नाही. तो मोजत जातो, हद्दीच्या टोकाला पलीकडचा पेट्रोलमन भेटतो, दोघे वह्या बदलतात, बिडी ओढतात आणि परत फिरतात. पहाटे गाडी सुखरूप निघून जाते. दोन दिवाळी अंकांकडून ती कथा साभार परत आली आहे. अजून छापून आलेली नाही.

पण मी ती त्या मुलाला घरी जाऊन वाचून दाखवली, जिथे अडले तिथे हिंदीत सांगत. तो बराच वेळ गप्प बसला. मग एवढेच म्हणाला, "खडे की बात आपको याद थी, साहब?"

आज ज्यांना बक्षीस मिळाले त्यांचे अभिनंदन. ज्यांना नाही मिळाले आणि ज्यांना मिळाले, त्या सर्वांना एकच विनंती. स्पर्धेची हस्तलिखिते टेबलावर ठेवली आहेत. ती इथे विसरून जाऊ नका. घरी न्या, पंधरा दिवसांनी उघडा आणि पुन्हा लिहायला बसा. पुढच्या वर्षी तीच कथा पाठवलीत तरी चालेल, असा नियम करावा ही मंडळाला सूचना.

गणपती बाप्पा मोरया!