सन १७४९ : एक रिकामी गादी आणि तीन पाळणे



एखाद्या वर्षाचा वृत्तांत लिहावयास बसलेल्या बखरकाराचे लक्ष प्रथम राजवाड्याकडे जाते. इ. स. १७४९ म्हटले की महाराष्ट्रात एकच गोष्ट आठवते : छत्रपती शाहू महाराजांचे निधन. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात महाराजांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. वयाच्या सातव्या वर्षी, १६८९ मध्ये रायगड पडला आणि मातोश्री येसूबाईंसह ते औरंगजेबाच्या छावणीत कैदी म्हणून गेले. सतरा वर्षांहून अधिक काळ तेथे काढून १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली, आणि १७०८ च्या आरंभी त्यांना राज्याभिषेक झाला. पुढील जवळजवळ ४२ वर्षांत मराठ्यांची घोडी दिल्लीच्या वेशीपर्यंत आणि बंगालपर्यंत दौडली. स्वतः महाराज मात्र बहुधा साताऱ्यातच राहिले. माणसे पारखून त्यांच्यावर विश्वास टाकणे आणि त्यांच्यातील भांडणे मिटविणे हेच त्यांचे राज्य करणे होते. या गुणाचे मोल त्यांच्या पश्चात कळले.

अशा या समृद्ध दरबारात एकच उणीव होती. महाराजांच्या मागे पुत्र नव्हता.

१७४९ चे संपूर्ण वर्ष साताऱ्यात या एका प्रश्नाभोवती फिरत होते. धाकट्या राणी सगुणाबाई आदल्या वर्षीच निवर्तल्या होत्या. थोरल्या सकवारबाईंचे मत एक, पेशव्यांचे दुसरे. अशा वेळी सत्तरी ओलांडलेल्या ताराबाईंनी आपला नातू रामराजा हयात असून त्याला लहानपणापासून गुप्तपणे वाढविले असल्याचे सांगितले. महाराजांनी अखेरच्या दिवसांत आपल्या हाताने दोन आज्ञापत्रे लिहून राज्याचा कारभार बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांच्या हवाली केला, असे मानले जाते. महाराजांच्या पाठोपाठ सकवारबाई सती गेल्या. हे स्वेच्छेने घडले की दडपणाखाली, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही, आणि ही गोष्ट त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते. १७५० च्या आरंभी रामराजा गादीवर आला, त्याच वर्षी ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, आणि पुढे तो आपला नातूच नव्हे असेही जाहीर केले. गादी साताऱ्यात राहिली. सत्ता पुण्यास गेली.

येथे तारखांविषयी एक खुलासा करणे भाग आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये जुनी कालगणना चालू होती आणि ती फ्रान्ससारख्या देशांच्या कालगणनेहून ११ दिवस मागे होती. इंग्रजांनी १७५२ मध्ये ते ११ दिवस गाळून नवी गणना स्वीकारली. त्यामुळे १७४९ मधील एकाच घटनेच्या दोन तारखा निरनिराळ्या ग्रंथांत आढळल्या तर वाचकाने गोंधळून जाऊ नये.

साताऱ्यातूनच सुटलेला एक माणूस या वर्षी दक्षिणेचे राजकारण ढवळून काढीत होता. त्याचे नाव चंदासाहेब. १७४१ मध्ये रघुजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेतली, तेव्हा तो मराठ्यांच्या हाती सापडला आणि काही वर्षे साताऱ्यास कैदेत होता. १७४८ मध्ये त्याची सुटका झाली. ३ ऑगस्ट १७४९ रोजी तमिळनाडूतील अंबूर येथे चंदासाहेब, निजामाच्या गादीवर हक्क सांगणारा मुजफ्फरजंग आणि त्यांचे फ्रेंच साहाय्यक यांनी अर्काटचा नबाब अन्वरुद्दीन याला लढाईत ठार केले. नबाबाचा मुलगा महंमदअली त्रिचनापल्लीस पळाला आणि त्याने इंग्रजांचा आश्रय घेतला. युरोपीय कंपन्यांच्या कवायती पलटणी देशी राजांच्या वारसाहक्काच्या भांडणात उतरू लागल्या, त्या अशा.

विशेष म्हणजे त्या वेळी इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात युद्धच चालू नव्हते. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहाने युरोपात शांतता झाली होती. फ्रेंचांनी १७४६ मध्ये घेतलेले मद्रास या तहान्वये १७४९ मध्ये इंग्रजांना परत मिळाले, आणि त्याच्या बदल्यात उत्तर अमेरिकेतील लुईबर्गचा किल्ला फ्रेंचांकडे गेला. त्या सौद्याची खबर मद्रासच्या रहिवाशांना कोणी विचारून दिली असण्याचा संभव नाही. शांततेच्या आनंदाप्रीत्यर्थ एप्रिल १७४९ मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये दारूकामाचा मोठा सोहळा झाला. त्यासाठी हँडेल या संगीतकाराने रचलेले संगीत आजही वाजविले जाते. प्रत्यक्ष समारंभात मात्र दारूकामाच्या मांडवाचा एक भाग पेटला आणि रसभंग झाला.

हे झाले दरबारांचे आणि तोफांचे १७४९. त्याच वर्षी स्वीडनमध्ये एक काम सुरू झाले आणि त्याचा आवाज कोठेही झाला नाही. देशातील प्रत्येक धर्मोपदेशकाने आपल्या गावातील जन्म, विवाह, मृत्यू आणि मृत्यूचे कारण ठराविक तक्त्यांत भरून सरकारकडे पाठवावयाचे, अशी व्यवस्था तेथे १७४९ पासून अमलात आली. संपूर्ण राष्ट्राची अशी अखंड नोंद ठेवण्याचा हा जगातील पहिला प्रयत्न मानला जातो. लोकसंख्या अपेक्षेहून कमी भरली, म्हणून सरकारने आरंभी ते आकडे गुप्त ठेवले. शेजारी राष्ट्रांना आपले बळ कळू नये, हा हेतू! त्या तक्त्यांतून दिसणारे चित्र मात्र भयाण होते. जन्मलेल्या सुमारे पाच मुलांपैकी एक पहिला वाढदिवस पाहत नसे, आणि बालमृत्यूंच्या कारणांत देवीच्या रोगाचे स्थान फार वरचे होते. एका शीतप्रदेशातील देशाने हे मोजले एवढेच. न मोजणाऱ्या देशांतील पाळण्यांची गत याहून बरी असण्याचे कारण नव्हते. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा सर्व देशाला लागू होणारा कायदा १९६९ मध्ये झाला, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर १७४९ मधील तीन जन्मांकडे पाहिले पाहिजे.

२८ ऑगस्ट रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात भर दुपारी बाराच्या ठोक्याला एक मुलगा जन्मला. सुइणीच्या हलगर्जीपणामुळे तो जवळजवळ निष्प्राण होता. बऱ्याच खटपटीनंतर त्याने डोळे उघडले. त्याचे आजोबा शहराचे मोठे अधिकारी होते. या प्रसंगाने ते सावध झाले, शहरासाठी त्यांनी प्रसूतितज्ज्ञाची नेमणूक करविली आणि सुइणींच्या शिक्षणाची सोय केली. त्या मुलाने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, या गोष्टीचा लाभ आपल्यानंतर जन्मलेल्या अनेकांना झाला असावा. तो मुलगा म्हणजे महाकवी गटे. त्याच्या भावंडांपैकी एकच बहीण मोठी झाली, बाकीची बालपणीच गेली. त्याला स्वतःलाही लहानपणी देवी आल्या होत्या. सर विल्यम जोन्स यांनी १७८९ मध्ये शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि १७९१ मध्ये ते जर्मनमध्ये आले. ते वाचून गटेने कालिदासाची जी स्तुती केली ती आपल्याकडील सुशिक्षितांच्या परिचयाची आहे. बारा वाजता त्या सुइणीच्या हातून आणखी थोडी चूक झाली असती, तर ती स्तुती लिहिणारा उरला नसता.

गटेच्या जन्मानंतर दोनच आठवड्यांनी, १० सप्टेंबरला, फ्रान्समधील ल्युनेव्हिल येथे एमिली द्यु शातले या विदुषीचा बाळंतपणानंतर काही दिवसांत मृत्यू झाला. ती ४२ वर्षांची होती. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा लॅटिन ग्रंथ तिने फ्रेंचमध्ये आणला आणि त्यावर स्वतःचे विवेचन लिहिले. या वयातील बाळंतपणातून आपण वाचणार नाही, अशी धास्ती तिला होती. म्हणून दिवस भरत असतानाही ती रात्र रात्र जागून लिहीत होती, आणि हस्तलिखित पुरे करून ते राजाच्या ग्रंथालयाकडे सोपविल्यावरच ती निश्चिंत झाली. तिचे संपूर्ण भाषांतर १७५९ मध्ये छापले गेले. फ्रेंच वाचकांसाठी ते आजही प्रमाण मानले जाते. तिचे तान्हे मूलही फार जगले नाही.

त्याच फ्रान्समध्ये त्याच वर्षी २३ मार्चला नॉर्मंडीतील एका खेड्यात पिएर सिमों लाप्लास जन्मला होता. बाप शेती आणि सफरचंदाच्या मद्याचा व्यापार करी. न्यूटनच्या नियमांनी सूर्यमालेचे गणित सांगणारा पाच खंडांचा ग्रंथ त्याने १७९९ ते १८२५ या काळात सिद्ध केला. दहा चिन्हांनी आणि त्यांच्या स्थानावरून कोणतीही संख्या लिहिण्याची युक्ती जगाला भारताने दिली, आणि ती इतकी सोपी आहे की तिची थोरवी चटकन ध्यानात येत नाही, असा निर्वाळा त्याने दिला. शुभंकरोतीनंतर पाढे म्हणणाऱ्या मुलांना हे सांगावयास हरकत नाही.

तिसरा जन्म इंग्लंडमधील बर्कली या गावचा. १७४९ च्या मे महिन्यात तेथील धर्मोपदेशकाच्या घरी एडवर्ड जेन्नर जन्मला. पाचव्या वर्षी तो पोरका झाला. आठव्या वर्षी त्याला त्या काळच्या पद्धतीने देवी टोचल्या, म्हणजे रोग्याच्या फोडातील द्रव्य अंगात घातले. त्यापूर्वी मुलाचे रक्त काढीत, त्याला उपाशी ठेवीत आणि नंतर इतर मुलांबरोबर तबेल्यात कोंडीत. त्या यातना तो जन्मभर विसरला नाही. गाईच्या सौम्य देवी येऊन गेलेल्या गवळणींना माणसांच्या देवी येत नाहीत, ही खेड्यातली समजूत त्याने पारखून पाहिली. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील लस त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली, आणि १७९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

भारतात ही लस आणणे सोपे नव्हते. उन्हाने ती वाटेत निकामी होई. अखेर व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा असा प्रवास करीत, वाटेत एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जात, ती मुंबईत पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वीपणे टोचली गेली. भारतात लस लागलेले हे पहिले मूल होय. तिच्या दंडावरून ती इतर मुलांना, आणि पुढे मुंबईबाहेर सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत गेली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. शाहू महाराजांच्या निधनाने पुण्यास आलेली सत्ता तेथून निसटण्यास आरंभ झाला.

मराठीत रोगाचेही नाव देवी आणि त्याच्यावरील उपायाचेही नाव देवी. ‘देवी आल्या’ म्हटले की घर हादरे, आणि ‘देवी काढणारा’ गावात आला की मुले माळ्यावर लपत. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. देवीची लस टोचणे थांबल्यावर जन्मलेल्या मुलांच्या दंडावर तो वाटोळा व्रण नाही. त्यांच्या आजी-आजोबांच्या दंडावर तो अजून दिसतो.