संकेतस्थळाची पारख : कोणास विचारावे, कसे विचारावे

(केंद्रातील शिक्षकांच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांना आता ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणून ओळखले जाते. त्यामुळे शाळेचे संकेतस्थळ झाले, की गावातील कोणी ना कोणी दारात येऊन म्हणतो, “गुरुजी, आमचंही एक करून द्या.” असे काम पत्करणे अवघड नाही. परंतु केलेले काम उपयोगी पडेल किंवा कसे, हे ते लोकांच्या हाती जाण्यापूर्वी जाणून घेणे मात्र फार अवघड आहे. त्याविषयी माझी एक फजिती सांगून आरंभ करतो.

आमचे गाव कोकणातील. तेथील महिला बचत गट कोकमाचे आगळ, आमसुले आणि फणसपोळी तयार करतो. गटाच्या अध्यक्षांना सारा गाव काकी म्हणतो. त्यांच्या सांगण्यावरून, अर्थातच मोबदला न घेता, मी गटासाठी संकेतस्थळ तयार केले. रात्री जागून केलेल्या त्या कामाचा मला अभिमान वाटत होता. गटाच्या बैठकीत ते पडद्यावर दाखविले आणि विचारले, “कसे वाटते?” सर्वजणी एकमुखाने म्हणाल्या, “छान झालंय, गुरुजी.” शाळेतील सहकाऱ्यांनीही तेच सांगितले. मार्चमध्ये संकेतस्थळ सुरू झाले. आगळाला मागणी असते ती उन्हाळ्यात. पण मे महिना अर्धा सरला तरी मागणी जवळजवळ आलीच नाही. अखेरीस सुटीवर आलेल्या एका मुंबईकर चाकरमान्याने सहज विचारले, “गुरुजी, तुमच्या त्या पानावर फोन नंबर कुठे आहे हो?”

नंबर होता; परंतु तो पानाच्या अगदी तळाशी होता, आणि तोही चित्राच्या स्वरूपात. त्यावर बोट ठेवून फोन लागत नव्हता, की तो उतरवूनही घेता येत नव्हता. शिवाय हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळसर अक्षरे असल्यामुळे उन्हात तो दिसतही नव्हता. त्या वर्षी सत्तरएक बाटल्या काकींच्या माजघरात पडून राहिल्या. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले.

माझी चूक केवळ रचनेतील नव्हती. मी ज्या रीतीने विचारले, त्या रीतीत खरे उत्तर मिळणे शक्यच नव्हते. आपल्या गावांत गुरुजींच्या तोंडावर त्यांच्या कामाला नावे ठेवण्याची चाल नाही. पदरचे पैसे न घेता कोणी कष्ट केले असतील, तर मुळीच नाही. आपल्याला मिळणारा मान हाच येथे खऱ्या अभिप्रायाच्या आड येतो, हे आपण प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हे. मरियम तोहिदी, बिल बक्सटन आदी संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की एकच आराखडा दाखविला असता लोक त्याला जास्त गुण देतात व दोष सांगण्यास कचरतात. तेच दोन-तीन निरनिराळे आराखडे पुढे ठेवले, की मोकळेपणाने टीका करतात. म्हणून आता मी कागदावर तीन कच्च्या आकृत्या काढून नेतो. “यांतली कोणती नको?” असे विचारले, की काकीही बोलू लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मत विचारण्याऐवजी काम सांगावे. “दोन बाटल्या आगळ पुण्याला मागवावयाचे आहे, टपालखर्चासह किती रुपये होतील, ते शोधा,” असे सांगून भ्रमणध्वनी समोरच्याच्या हाती द्यावा आणि आपण गप्प बसावे. हे गप्प बसणे शिक्षकाला किती जड जाते, ते मी अनुभवाने सांगतो! बोट चुकीच्या ठिकाणी जाताना दिसले, की “अहो, तिकडे नाही, वर पाहा,” असे तोंडातून निघतेच. पण ज्या क्षणी आपण मदत करतो, त्या क्षणी परीक्षा संपते. मुंबईच्या ग्राहकाच्या शेजारी आपण बसलेले नसतो. पाहणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत जावे, अशी विनंती मात्र अवश्य करावी. संगणकाच्या रचना तपासण्यासाठी या पद्धतीचे वर्णन आयबीएम कंपनीतील क्लेटन लुईस यांनी १९८२ सालीच केलेले आहे. तोंडी गणित करताना मुलाला “कसे केलेस ते बोलून दाखव” असे आपण म्हणतो. त्यातलाच हा प्रकार.

अशी किती माणसे बसवावीत? जेकब निल्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले, की पाच जणांना वापरावयास दिले असता सुमारे ८५ टक्के अडचणी नजरेस येतात. या आकड्यावर पुढे वादही झाले आहेत. तथापि एकाही माणसाला न दाखविण्यापेक्षा पाच केव्हाही बरे. मात्र ती माणसे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांसारखी असावीत. मी दाखविले ते गटातील भगिनींना व सहकाऱ्यांना. विकत घेणारे होते मुंबई-पुण्याचे. दुसऱ्या खेपेस मी गणपतीच्या सुटीत आलेल्या पाच चाकरमान्यांना गाठले आणि त्यांना घरात न बसविता अंगणात, उन्हात बसविले. पहिल्या तिघांतच किंमत वाचता येत नाही हे कळले. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असे प्रमाण असावे, असा आंतरराष्ट्रीय सुगम्यता-मार्गदर्शिकेचा दंडक आहे, हे मी त्यानंतर वाचले.

मग काकींना काही विचारूच नये काय? अवश्य विचारावे, काम त्यांचे आहे. माल, वजन, किंमत, कोणत्या महिन्यात काय मिळते, यांत त्यांच्याइतका जाणकार कोणी नाही. परंतु काम देणारा पुष्कळदा अडचण न सांगता एकदम उपायच सांगतो. काकी म्हणाल्या, “गटाचं नाव वर फिरतं ठेवा, एसटी स्टँडवर फिरतं तसं.” पूर्वी मी मुकाट्याने ते केले असते, किंवा ते कसे जुनाट दिसते यावर व्याख्यान दिले असते. या खेपेस विचारले, “नाव फिरतं कशासाठी हवं, काकी?” तेव्हा कळले, की आपल्या गटाचे नाव सांगून दुसराच कोणी आगळ विकील, अशी त्यांना धास्ती होती. मग बाटलीवरील चिठ्ठीचे स्पष्ट छायाचित्र आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक पानाच्या आरंभीच घातला. फिरत्या नावाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

अभिप्राय देण्याची वेळ आपल्यावरही येते. तेव्हा आपण वह्यांवर लिहितो ते शेरे आठवावेत. ‘अक्षर सुधारा’ हा शेरा वाचून मुलाने नेमके काय करावे? ‘रंग भडक आहे’ हाही तसाच शेरा. त्याऐवजी ‘किंमत शोधताना मी तीनदा खालीवर गेलो, ती छायाचित्राखाली होती आणि मला ती छायाचित्राचीच ओळ वाटली,’ असे सांगितले, तर करणाऱ्याला काम सापडते. कोठे अडलो, काय समजलो, त्यामुळे काय करता आले नाही, एवढे सांगितले की पुरे. उपाय सुचविलाच पाहिजे असे नाही.

आणि ऐकणाऱ्याने समर्थन करू नये. मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर माणूस काय बोलला आणि त्याचे बोट कोठे अडले, ते जसेच्या तसे लिहितो. उजव्या पानावर, दोन दिवसांनी, मी काय करणार ते. सर्वच सूचना मी स्वीकारत नाही. एका गृहस्थांनी पान उघडताच गाणे वाजावे असे सुचविले होते. त्यांच्यासमोरचे उजवे पान अद्याप कोरे आहे.

पुढील उन्हाळ्यात गटाचे आगळ मे अखेरीस संपले. त्याचे सारे श्रेय संकेतस्थळाला देता येणार नाही. त्या वर्षी काकींच्या भाच्याने दादरला पुष्कळ खटपट केली होती. पण फोन करणाऱ्यांपैकी कोणी “नंबर सापडत नव्हता” असे म्हटल्याचे काकींनी सांगितले नाही.

आता एक विनंती. आमच्या शाळेच्या नव्या संकेतस्थळाचा कच्चा आराखडा या भ्रमणध्वनीत आहे. मध्यंतरात आपल्यापैकी पाच जणांनी बाहेर ओट्यावर यावे. पहिलीत मूल दाखल करण्यास कोणती कागदपत्रे लागतात, ते आपण त्यात शोधावयाचे आहे. मी शेजारी वही घेऊन बसेन आणि काहीही बोलणार नाही.