गर्दी आणि गुणवत्ता
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



निवडणुकीत पराभव झाला की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'लोकांना आपला विचारच नको आहे.' जे लोकप्रिय होते तेच लोकांना मनापासून हवे असते, असे गृहीतक या वाक्यामागे आहे. ते तपासून पाहिले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या रूढ मांडणीत प्रत्येक ग्राहकाची आवड इतरांपासून स्वतंत्र मानली जाते. १९५० साली हार्वे लायबेनस्टाइन यांनी तिला छेद दिला. दुसरे घेतात म्हणून आपणही घ्यावे, ही प्रेरणाही मागणी घडवीत असते, असे त्यांनी मांडले. तिचे बळ किती, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखविले. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स यांनी अप्रसिद्ध गायक-वादकांची ४८ गाणी सुमारे १४ हजार श्रोत्यांपुढे ठेवली. काहींना नुसती यादी दिली. उरलेल्यांचे आठ गट करून, त्या त्या गटात कोणते गाणे किती जणांनी संगणकावर उतरवून घेतले, तो आकडाही दाखविला. गाणी तीच, श्रोते सारखेच. पण यशाचा क्रम गटागटांत निराळा! स्वतंत्र पसंतीत सव्विसावे असलेले एक गाणे एका गटात पहिले आले, दुसऱ्यात चाळिसावे. शिवाय आकडे दिसताच यशापयशातील दरीही रुंदावली. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते, हा भांडवलाचा नियम लोकप्रियतेलाही लागू पडला.

यावरून गुणवत्तेला मोलच नाही असे मात्र ठरत नाही. उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, सुमार गाणी क्वचितच वर आली. मधल्या साऱ्या गाण्यांचे भवितव्य मात्र पहिली पावले कोणीकडे वळली यावर अवलंबून राहिले. म्हणूनच पैसेवाला ही पहिली गर्दी विकत घेतो. सभेला भाड्याची माणसे आणतो, समाजमाध्यमांवर भाड्याची वाहवा उभी करतो. सॅल्गानिक व वॉट्स यांनी २००८ मधील प्रयोगात आकडे मुद्दाम उलटे दाखविले, तेव्हा बहुतेक गाण्यांची खोटी लोकप्रियता खरी होऊन बसली. परंतु सर्वोत्तम गाणी हळूहळू वर सरकली आणि गाणी उतरवून घेण्याचे एकूण प्रमाण घटले. खोटी गर्दी लोकांचा उत्साहच मारते, ही गोष्ट लोकशाहीच्या दृष्टीने चिंतेची आहे.

मग उपाय कोणता? १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी रेघांच्या लांबीविषयी अगदी सोपे प्रश्न विचारले. आधीच शिकवून ठेवलेले इतर सारे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. त्या दडपणाखाली परीक्षार्थींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकली. पण खोलीत खरे बोलणारा केवळ एक सोबती मिळताच चुकांचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे चौथाईवर आले.

तो एक सोबती होणे हेच कार्यकर्त्याचे काम. लोकांना विचार नको, असे म्हणण्यापूर्वी त्यांच्या ओसरीवर बसून तो कोणी व किती वेळा मांडला, याचा हिशेब प्रत्येक शाखेने आधी द्यावा.